पाच व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट : एका तांत्रिक विसंवादाचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी, विद्याविहार व पवई येथील अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांच्या परिसरात, हौशी मायक्रोकंट्रोलर बोर्डाला छोटे रेडिओ मॉड्यूल जोडण्याचा प्रयोग आता नवलाईचा राहिलेला नाही. बोर्ड पाच व्होल्टवर चालतो, मॉड्यूल ३.३ व्होल्टवर. दोहोंना सरळ तारेने जोडले असता मॉड्यूल कधी तत्काळ निकामी होते, कधी काही दिवस चालून मग मुके होते. ह्यावरील उपाय विद्यार्थी एकमेकांना तोंडी सांगतात : ‘मध्ये दोन रोधक घालावे.’ उपाय पुष्कळदा बरोबर असतो. परंतु त्याचे कारण मात्र परंपरेत गळून गेले आहे, आणि कारण गळाले म्हणजे उपायाचा मंत्र होतो. तो कोठे अनावश्यक आहे आणि कोठे अपुरा आहे, हे मग सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात ह्या विसंवादाचा इतिहास पाहावयाचा आहे. पाच व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट हे पदार्थाचे निसर्गदत्त गुण नसून दोन भिन्न काळांत ठरलेले दोन संकेत आहेत, हे लक्षात आले म्हणजे उपायांची निवडही डोळसपणे करता येते, असे आमचे प्रतिपादन आहे. विषय भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे; पण संकेत, त्यांच्या सीमा आणि त्यांचे भाषांतर हीच येथील मुख्य सामग्री आहे.

पाच व्होल्टचा उगम ट्रँझिस्टर-ट्रँझिस्टर तर्कमंडलांत आहे. ही पद्धती १९६१ मध्ये टी. आर. डब्ल्यू. ह्या कंपनीतील जेम्स ब्यूई ह्यांनी शोधली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ मध्ये ५४०० मालिका व १९६६ मध्ये प्लॅस्टिक वेष्टनातील स्वस्त ७४०० मालिका बाजारात आणली, आणि त्या मालिकेचा पाच व्होल्टचा पुरवठा हा जणू सर्व अंकीय मंडलांचा व्यवहारनियम झाला. पुढील चिपांना ह्या मालिकेशी जुळवून घेणे भाग पडले. इंटेलच्या १९७४ च्या ८०८० ह्या सूक्ष्मप्रक्रियकास अधिक पाच, उणे पाच व अधिक बारा असे तीन दाब लागत. त्यानंतरच्या ८०८५ ला केवळ पाच व्होल्ट पुरत, आणि त्याच्या नावातील शेवटचा आकडा ह्याच सोयीचा निदर्शक आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत ८०८५ व त्यानंतरचा १९८० चा ८०५१ ह्यांनी दीर्घकाळ स्थान मिळविले. अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६२) अथवा विद्याविहारचे सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३) अशा संस्थांतून शिकलेल्या पिढ्यांना ‘एक’ म्हणजे पाच व्होल्ट हे समीकरण स्वयंसिद्ध वाटावे, ह्यात आश्चर्य नाही. १९९६ च्या यूएसबी मानकानेही संगणकाच्या तारेतून पाच व्होल्टच देऊ केले, आणि जुना संकेत नव्या शतकात पोहोचला.

३.३ व्होल्टचा इतिहास वेगळा आहे. आय. बी. एम.मधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले की, ट्रँझिस्टरचे आकारमान ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात दाबही घटविला, तर गती वाढते आणि उष्णतेचा भार वाढत नाही. ट्रँझिस्टरमधील ऑक्साइडचा थर जसजसा पातळ होतो, तसतसा तो जुना दाब सोसू शकत नाही, हेही दुसरे कारण होते. शिवाय मंडलाने खर्च केलेली शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाचावरून ३.३ वर आले की ती सुमारे ४४ टक्क्यांवर येते. घटांवर चालणाऱ्या रेडिओ उपकरणाच्या दृष्टीने हा लाभ निर्णायक होता. म्हणून १९९० च्या दशकापासून रेडिओ चिपा ३.३ व्होल्टकडे वळल्या. पाच व्होल्ट ही सहवासाने आलेली सवय होती, ३.३ व्होल्ट ही काटकसरीने आणलेली गरज होती.

ह्या दोन परंपरांची गाठ हौशी माणसाच्या टेबलावर पडण्यास २००५ हे वर्ष सोयीचे ठरले. त्या वर्षी इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो बोर्डाचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत भारत सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आर्डुइनोवरील मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झ गतीने चालविला जातो, आणि ३.३ व्होल्टवर ही गती निर्मात्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर जाते. पाच व्होल्टला येथे सवयीबरोबरच गतीचेही कारण होते. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत (स्थापना १९५८) घडलेला फायरबर्ड-५ हा शैक्षणिक यंत्रमानव ह्या संगमाचे आपल्या परिसरातील उत्तम उदाहरण होय. २०१२ पासून भरणाऱ्या ई-यंत्र स्पर्धेमुळे तो दूरदूरच्या महाविद्यालयांत पोहोचला. त्यातील एटीमेगा-२५६० हा नियंत्रक पाच व्होल्टच्या जगातला; त्यावर बसविता येणारे एक्सबी हे बिनतारी मॉड्यूल मात्र २.८ ते ३.४ व्होल्टचे.

आता मूळ प्रश्न असा की, ‘एक’ म्हणजे काय? १९६४ च्या मालिकेत ग्रहण करणारे मंडल ०.८ व्होल्टखालील दाबास शून्य आणि २.० व्होल्टवरील दाबास एक समजे. पाठविणाऱ्याने मात्र अनुक्रमे ०.४ व २.४ व्होल्टची हमी द्यावयाची. बोलणाऱ्याने अधिक स्पष्ट बोलावे आणि ऐकणाऱ्याने थोडे सैल ऐकावे, असा हा करार होता. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा-३२८पी मात्र सीमा पुरवठ्याच्या प्रमाणात आखतो : पाच व्होल्टवर १.५ च्या खाली शून्य, ३.० च्या वर एक. म्हणजे चिन्हे तीच, पण सीमा निराळ्या. भाषाविज्ञानात ह्यास समांतर उदाहरण आहे, आणि योगायोग असा की तेही १९६४ चेच. त्या वर्षी लिस्कर व अब्रामसन ह्यांनी अकरा भाषांतील आद्य स्पर्शवर्णांचे मापन प्रसिद्ध केले; त्या अकरांत मराठीही होती. ओठ उघडणे आणि स्वरतंतूंचे कंपन सुरू होणे ह्यांमधील कालांतराची सीमा प्रत्येक भाषा आपापल्या ठिकाणी आखते, असे त्यातून दिसले. मराठी माणसाचा अल्पप्राण ‘प’ इंग्रजी कानाला ‘ब’ वाटू शकतो तो ह्यामुळेच. बोलणाऱ्याचा उच्चार चुकलेला नसतो आणि ऐकणाऱ्याचा कानही बिघडलेला नसतो; दोघांच्या सीमारेषा वेगळ्या असतात.

मात्र एक भेद विसरता कामा नये. भाषेत गैरसमजाने कान फुटत नाही. मंडलांत फुटू शकतो. मॉड्यूलकडून बोर्डाकडे जाणारा ३.३ व्होल्टचा ‘एक’ ३.० ची सीमा जेमतेम ओलांडतो. पुरवठा ५.२५ व्होल्टवर गेला तर सीमाही ३.१५ वर सरकते आणि संदेश संशयास्पद होतो. येथे धोका केवळ ऐकू न येण्याचा आहे. उलट दिशेने, म्हणजे बोर्डाकडून मॉड्यूलकडे, पाच व्होल्ट गेले की आतील संरक्षक डायोड वाहू लागतो आणि नको असलेला प्रवाह चिपच्या पुरवठ्यात शिरतो. हानी ताबडतोब दिसेलच असे नाही. म्हणून ‘काल तर चालत होते’ ही विद्यार्थ्याची तक्रार खरी असते, आणि तरीही दोष मॉड्यूलचा नसतो.

उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, सीमेवर भाषांतर करण्याचा. एक व दोन किलोओहमचे रोधक पाच व्होल्टचे सुमारे ३.३३ व्होल्ट करतात. पण हे भाषांतर एकाच दिशेचे असते, आणि गती वाढली की संदेशाच्या कडा बोथट होतात. १९९७ मध्ये फिलिप्सच्या हर्मन श्युट्टे ह्यांनी एकाच ट्रँझिस्टरचा दुहेरी उपाय मांडला. त्यात दोन्ही बाजूंच्या तारा रोधकांनी आपापल्या दाबाकडे ओढलेल्या असतात. कोणत्याही बाजूने तार शून्यावर आणली की ट्रँझिस्टर वाहतो आणि दुसरी बाजूही शून्यावर येते. सोडली की प्रत्येक बाजू स्वतःच्या ‘एक’कडे परतते. येथे शून्य तेवढे समाईक, आणि ‘एक’ ज्याचा त्याचा. दुसरा उपाय, द्विभाषी घटक वापरण्याचा. नॉर्डिकच्या एनआरएफ२४एल०१+ ह्या चिपचा पुरवठा १.९ ते ३.६ व्होल्टचा असला, तरी तिची ग्रहणाग्रे पाच व्होल्ट सोसतात. तेथे रोधकांचा मंत्र अनावश्यक आहे. तिसरा उपाय, एक पक्षच बदलण्याचा : २०१२ चा आर्डुइनो ड्यू संपूर्ण ३.३ व्होल्टचा होता.

मंत्र अपुरा पडतो तो पुरवठ्याच्या बाबतीत. दोन रोधकांनी संदेशाचा दाब उतरविता येतो, मॉड्यूलला वीज पुरविता येत नाही. कारण प्रवाह बदलला की दाबही बदलतो. उनोवरील ३.३ व्होल्टचे अग्र ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते. नॉर्डिकच्या चिपला ११ ते १४ मिलिअँपिअर पुरतात, एक्सबीला सुमारे ५०, तर ईएसपी८२६६ ह्या वाय-फाय चिपला प्रेषणाच्या वेळी १७० पर्यंत लागतात. शेवटच्या दोहोंना स्वतंत्र नियामक देणे हेच शहाणपण.

हे तिन्ही मार्ग उपनगरवासीयांनी फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहेत. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी सुरू झाली ती १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. पुढे देशाने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला आणि विरार ही दोन पद्धतींची सीमा झाली. दोहोंमध्ये वीजविरहित तुकडा ठेवावा लागे; गाडी तो आपल्या वेगावर पार करी. १९७० च्या दशकात दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूकॅम-१ इंजिने आली. २००७ पासून दुहेरी दाबाच्या उपनगरी गाड्या धावू लागल्या. अखेरीस पश्चिम मार्ग २०१२ मध्ये, मध्य मार्ग २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग २०१६ मध्ये पूर्णतः नव्या दाबावर गेला. बोरिवलीहून सुटे भाग आणण्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडकडे जाणारा विद्यार्थी २०१२ पूर्वी ज्या गाडीत बसे, तीच ह्या प्रश्नाचे एक उत्तर होती. द्विभाषी गाड्या आधी धावल्या म्हणूनच वाहतूक न थांबविता दाब बदलता आला, हा ह्या उदाहरणाचा बोध होय.

परंतु रेल्वेप्रमाणे येथेही एक दिवस एकच दाब उरेल, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०२३ मध्ये आलेला आर्डुइनो उनो आर-४ वाय-फाय हा बोर्ड मुख्य नियंत्रकासाठी पाच व्होल्टच राखतो, रेडिओसाठी ३.३ व्होल्टची वेगळी चिप बसवितो आणि दोहोंमध्ये दाबांतर करणारी तिसरी चिप ठेवतो. जुन्या जोडसामग्रीचा संग्रह मोठा असला की जुना संकेत सहजी मरत नाही. तेव्हा शिकविणाऱ्याने काय करावे? ‘दोन रोधक घाला’ एवढे सांगून थांबू नये. कोण बोलतो, कोण ऐकतो, ऐकणाऱ्याची सीमा कोठे आहे आणि तो किती सोसू शकतो, हे चार प्रश्न विद्यार्थ्याने निर्मात्याच्या माहितीपत्रकातून स्वतः सोडवावेत. ते सुटले म्हणजे उपाय त्याला सांगावा लागत नाही, आणि मॉड्यूलही जळत नाही.