जीपवाल्यांचा संघ

मॉस्कोंतील एका मोटार-कारखान्याच्या आश्रयानें टॉर्पेडो हा फुटबॉल-संघ वाढला व तीन वेळां सोविएत विजेता ठरला. मुंबईंतही तसाच एक संघ होऊन गेला. जीपगाड्या बांधणाऱ्या महिंद्र कंपनीनें तो १९६२ सालीं उभारला. १९९८, २००१ व २००८ सालीं ड्युरँड चषक, २००३ व २००५ सालीं फेडरेशन चषक त्यानें जिंकला. २००५-०६ मध्यें डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं राष्ट्रीय लीगचें विजेतेपद मुंबईस प्रथमच लाभलें. तथापि २०१० सालीं कंपनीनें संघ बंद केला. तो हरून संपला नाहीं. धन्याच्या निर्णयानें संपला. मॉस्कोच्या कारखान्यानें १९९६ सालीं पालकत्व सोडलें, तरी टॉर्पेडो खेळत राहिला; मुंबईचा संघ मात्र आश्रय सुटतांच नाहींसा झाला.