भुईचे थर

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात. आज जरा पायाखाली बघू या. ज्या भुईवर आपण रांगलो, जेवलो, अंथरूण टाकून निजलो, त्या सारवलेल्या भुईलाही इतिहास आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, घरात चूल, धान्य साठवायच्या जागा आणि चोपून केलेली मातीची भुई. आणखी एक गोष्ट सापडली. ती ऐकताना आजही जीव गलबलतो. दगावलेल्या लेकरांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या भुईखालीच पुरत. वर पुन्हा माती चोपली जाई आणि त्याच भुईवर संसार चालू राही.

असं जुनं घर उकरताना जाणकार मातीचा उभा काप घेतात. त्यात भुईवर भुई, असे थर दिसतात. वहीची पानं मोजावीत तसे ते थर मोजतात. त्यावरून घर किती वेळा दुरुस्त झालं, किती काळ नांदतं होतं, याचा अंदाज बांधतात. राजांनी ताम्रपट लिहिले. आपल्याकडच्या बायांचं लिहिणं भुईत राहिलं.

हे काम अडाण्याचं नाही. त्यात शास्त्र आहे. नुसती काळी माती कुणी भुईला वापरत नाही, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. खाली मुरूम, वर चाळलेली चिकण माती. पाणी शिंपडून ओल मुरू द्यायची, मग धुमसाने ठोकायचं, चोपण्याने चोपायचं. चिखल झाला तर भुई दबत नाही आणि कोरडी राहिली तर माती धरत नाही. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, इतकीच ओल हवी.

दुरुस्तीचंही तसंच. उखडलेल्या जागेवर नुसता शेणकाला फिरवला तर चार दिवसांत पोपडे निघतात. आधी सुटी माती खरवडून काढायची, खड्ड्याच्या कडा ओल्या करायच्या, मूळ भुईचीच माती भरून चोपायची आणि सावकाश वाळू द्यायची. उन्हाने घाईघाईत वाळली की भेग पडलीच. मग सारवण. शेणातले गवताचे बारीक तंतू माती धरून ठेवतात, काल्याने बारीक छिद्रं भरतात आणि धूळ बसते. पहिला हात वाळला की दुसरा, तोही पातळ.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. सारवण दर आठ-पंधरा दिवसांनी आलंच. सणाला आलं, पाहुणे यायचे तरी आलं. त्यात कितीजणींचे गुडघे झिजले, कंबर गेली. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. नाळेच्या जखमेला असं काही लागल्याने पूर्वी कितीतरी बाळं दगावली. गरोदरपणातली लस, स्वच्छ बाळंतपण आणि नाळेची काळजी यांमुळे हे चित्र पालटलं. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशात निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. म्हणून ज्या बाईला फरशी हवी आहे, तिने ती हक्काने मागावी. हातापायाला जखम असताना शेणात हात घालू नये.

२०११ च्या जनगणनेत घराची भुई कशाची, हे विचारलं होतं. देशातल्या निम्म्याच्या जवळपास घरांची भुई तेव्हाही मातीची होती. भुई मोजली गेली. ती राखायला किती तास लागतात, हे त्या तक्त्यात नव्हतं.

आता गंमत ऐका. परदेशात आणि आपल्याकडेही काही लोक हौसेने मातीची घरं बांधू लागलेत. ते चोपलेल्या भुईला जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन-चार पातळ हात देतात. एक मुरला की दुसरा. तेल मातीत मुरून कडक होतं आणि भुई ओल्या फडक्याने पुसता येते, वरचेवर सारवावं लागत नाही. जवस तर आपल्या विदर्भातलंच पीक. कुणाला करून बघायचं असेल तर आधी कोपऱ्यात हातभर जागेवर बघा. भुई पूर्ण वाळलेली हवी. आणि तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

शहरात त्याच मातीकामाचे वर्ग भरतात, फी घेतात. आपल्या आजीला मात्र कुणी कारागीर म्हटलं नाही. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करू या. गावातल्या सगळ्यात जुन्या सारवणाऱ्या बाईला बोलावू. माती कुठली आणायची, ओल कशी ओळखायची, हे तिला विचारू आणि तिच्या नावानिशी वहीत उतरवून घेऊ. थर पुसले जातील, वही राहील.