गुण आणि गुणधर्म : कायनेज रोखणाऱ्या औषधांची गोष्ट



तंजावरला येणारे बहुतेक जण बृहदीश्वराचे देऊळ पाहून सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळतात. तेथे सरफोजीराजांच्या काळातले (१७९८ ते १८३२) वैद्यकाचे कागद जपलेले आहेत. राजांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय अशा दोन्ही पद्धतींनी उपचार होत. डोळ्यांच्या रोग्यांची तर चित्रांसह टिपणे ठेवलेली आहेत. अशा नोंदी ठेवण्यामागे एकच साधा प्रश्न असतो : औषधाचा गुण आला का?

याच प्रश्नावर २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरच्या एका औषधाचा निकाल दिला. ते औषध एका प्रथिन कायनेजला रोखते. म्हणून आधी कायनेज समजून घेऊ.

कायनेज म्हणजे काय?

कायनेज हे एक विकर आहे. ते पेशीतल्या एटीपीपासून फॉस्फेटचा गट घेते आणि दुसऱ्या प्रथिनाला जोडते. फॉस्फेट जोडला की बहुधा ते प्रथिन कामाला लागते किंवा थांबते, विजेच्या बटणासारखेच. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५५ च्या सुमारास स्नायूंतल्या एका विकरावर काम करताना ही यंत्रणा दाखवली. त्याबद्दल त्यांना १९९२ साली नोबेल मिळाले. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. पेशीने केव्हा वाढायचे, विभागायचे किंवा जागा सोडायची, हे त्यांतली अनेक मिळून ठरवतात. एखादे बटण चालू अवस्थेत अडकले, तर पेशी वाढतच राहते. काही कर्करोगांत पेशी मूळ जागा सोडून इतर अवयवांत पसरतात, त्यातही कायनेजांचा हात असतो.

गुणसूत्रापासून गोळीपर्यंत

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनते. त्याचे प्रथिन म्हणजे सतत चालू राहिलेले कायनेज.

मग ते बंद करणारा रेणू का शोधू नये? पुष्कळांना हे अशक्य वाटे. सगळीच कायनेजे एटीपी वापरतात. एकाची खाच बुजवायला गेले, तर बाकीचीही बुजतील, अशी भीती होती. तरीही बाझेलच्या सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आणि सहकाऱ्यांनी इमॅटिनिब हा रेणू घडवला. एबीएल कायनेज बंद अवस्थेत असताना त्याची घडी वेगळी असते आणि हा रेणू नेमका त्या घडीत बसतो. ब्रायन ड्रूकर यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. रोज ३०० मिलीग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या, आजाराच्या संथ टप्प्यातल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

चेन्नईतला अर्ज

सीबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून बनलेल्या नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला होता. तो मूळ रेणूसाठी नव्हता. इमॅटिनिब मेसिलेटच्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी होता. त्या काळी भारतात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे. २००५ मध्ये कायदा बदलला, पण त्याच दुरुस्तीत कलम ३(डी) आले : ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकता वाढवत नसेल, तर ते नवा शोध ठरत नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही भारतीय औषध कंपन्यांनी अर्जाला विरोध केला. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला.

पैशाचा फरक बघा. नोव्हार्टिसच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ ते दहा हजार. कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही खरे. पण दया वेगळी आणि हक्क वेगळा.

१ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. बीटा रूप ओलावा कमी शोषते, अधिक स्थिर असते, नीट ओघळते. हे सारे त्याचे गुणधर्म झाले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, असे न्यायालयाने ठरवले. औषध रक्तात ३० टक्के जास्त पोहोचते, हा दावाही तेवढ्याने पुरेसा मानला नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर न्यायालयाने गुणधर्म बाजूला ठेवून गुण विचारला.

मुंबईतला परवाना

सोराफेनिबची गोष्ट निराळी आहे. हे औषध ट्यूमरला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देणारी कायनेजे रोखते आणि मूत्रपिंडाच्या व यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात वापरतात. येथे बायरचे पेटंट खरे होते. तरीही ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईत हैदराबादच्या नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याच्या औषधाची किंमत २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली. बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क मिळाले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला.

शेवटी

संशोधनाला मोबदला नसेल तर पुढचा रेणू कोण शोधणार, हा कंपन्यांचा प्रश्न पोकळ नाही. कर्करोगही स्वस्थ बसत नाही. एबीएलमधले ३१५ व्या जागेचे एक अमिनो आम्ल बदलले, तरी इमॅटिनिब निकामी होते आणि नवे औषध लागते. पण गोळी रुग्णाच्या हाती पोहोचलीच नाही, तर तिचा गुण येणार कसा?

तुम्ही अभियंते असा, रसायनाचे विद्यार्थी असा की कायद्याचे. कुठल्याही 'सुधारित' औषधाबद्दल वाचाल तेव्हा दोन प्रश्न वेगळे लिहा. यात बदलले काय? आणि रुग्णाला त्याचा गुण किती? दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात शोधू नका.