तूस किती, पीठ किती? ओटच्या वाणनिवडीची स्कॉटिश कथा

१/ एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये विवाहित शेतगड्याला वार्षिक मजुरीचा भाग म्हणून साडेसहा ‘बोल’ ओटचे पीठ मिळत असे. एक बोल म्हणजे १४० पौंड. हिशेब केल्यास आठवड्याला जेमतेम आठ किलो. घरादाराची पेज नि भाकरी त्यातूनच. कोणते ओट पेरावे, हा प्रश्न तेथे थेट पोटाचा होता.

२/ गव्हाचे तूस मळणीतच सुटते. ओटचे सुटत नाही. भाताप्रमाणे ते दाण्याला धरून राहते आणि वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून अधिक, व्यापते. घोडा तुसासकट खातो, माणूस खाऊ शकत नाही. म्हणून घोड्यांसाठी पिकवणाऱ्याने एकरी पोती मोजली तरी भागे. माणसांसाठी पिकवणाऱ्याला मात्र उतारा, म्हणजे शंभर पौंड धान्यातून किती पीठ निघाले, तेच पाहावे लागे.

३/ शिवाय दाणा एकसारखा हवा. भट्टीवर वाळवलेले ओट अंतर राखलेल्या दोन दगडांमधून काढले की तूस फुटून वेगळे होई. अंतर अधिक ठेवावे तर बारीक दाणे तुसासकट निसटत, कमी ठेवावे तर टपोरे दाणे चुरडत.

४/ १७८८ मध्ये इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यात, बटाट्याच्या शेतात ओटचे एकच ताट आढळले. त्याच्या बियाण्यातून ‘पोटॅटो ओट’ हे वाण पसरले. पातळ तूस, भरदार दाणा. गिरणीवाल्यांच्या ते पसंतीस उतरले. दोष एकच, पण जीवघेणा: पिकलेला दाणा वाऱ्याने शेतातच झडे. उंचावरील थंड शिवारात पीक उशिरा हाती येई, तेथे हा जुगारच.

५/ १८२४ च्या सुमारास ॲबर्डीनशायरमध्ये एका गुराख्याच्या लाडक्या नावावरून ओळखले जाणारे ‘सँडी’ ओट पुढे आले. ताट लांब नि चिवट, दाणा सहसा न झडणारा, शिवाय गुरांना वैरण भरपूर. त्याच काळात पॅट्रिक शिरेफ या शेतकऱ्याने उभ्या पिकातून एकेक वेगळे रोप हेरून ‘होपटाउन’ हे वाण काढले. मेंडेलच्या प्रयोगांना तेव्हा अजून तीन दशके अवकाश होता! निव्वळ नजरेच्या बळावर झालेले हे काम आहे, आणि माझ्या मते शिरेफला पाठ्यपुस्तकांत मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

६/ पुढे लँकशायरच्या गार्टन बंधूंनी हेतुपूर्वक संकर करून १८९२ मध्ये ‘अबंडन्स’ बाजारात आणले. नाव पाहा: ‘विपुलता’. विपुलता शेतातली की पिठातली, हे मात्र प्रत्येक नव्या वाणाबाबत गिरणीतच ठरत राहिले.

७/ मग मुळात बिनतुसाचेच ओट का लावू नये? तशी जात युरोपला सोळाव्या शतकातही ठाऊक होती. पण तिचे एकरी उत्पन्न कमी भरते, आणि उघडा पडलेला अंकुर मळणीत दुखावतो. त्यामुळे गिरण्या आजही प्रामुख्याने तुसाचेच ओट विकत घेतात आणि आत गर किती भरतो, हे तपासून पाहतात.