जॉर्ज रूओ : धर्मचित्रातील अध्यात्म

चित्राचा विषय धार्मिक असला म्हणजे त्याची अभिव्यक्ती आध्यात्मिक असतेच, असे नाही. विसाव्या शतकातील फ्रेंच धर्मचित्रकलेच्या इतिहासात हा भेद फार तीव्रतेने प्रकट झाला. त्याआधी पॅरिसमधील सँ-स्युलपीस चर्चच्या परिसरातील दुकानांतून येशू-मेरीच्या गोंडस, एकसाची प्रतिमा घाऊकपणे विकल्या जात. त्यांत भक्तीचा विषय होता. भक्तीची अनुभूती नव्हती.

जॉर्ज रूओ (१८७१-१९५८) चौदाव्या वर्षी चर्चमधील रंगीत काचा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. पुढे तो गुस्ताव्ह मोरोचा विद्यार्थी झाला. काचा सांधणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा संस्कार त्याच्या जाड काळ्या रेषेत कायम राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने वेश्या, विदूषक, न्यायाधीश रंगवले. तो ज्याला गुरुस्थानी मानत होता, त्या कॅथलिक लेखक लेआँ ब्ल्वाला ती चित्रे विद्रूप वाटली. परंतु विदूषकाचा चेहरा आणि येशूचा चेहरा रूओने एकाच रेषेने घडवला, हेच त्याचे धर्मचिंतन होय. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिझेरेरे' या ५८ मुद्राचित्रांच्या मालिकेत येशूच्या यातना आणि महायुद्धातील माणसाच्या यातना शेजारी-शेजारी येतात. कोणती पवित्र आणि कोणती ऐहिक, हे रेषा सांगत नाही. त्याच वर्षी, व्होलारच्या वारसांकडून खटला जिंकून परत मिळवलेली ३१५ अपूर्ण चित्रे त्याने जाळून टाकली. अपुऱ्या रूपाला आशयाची पुण्याई तारू शकत नाही, ही जाणीव या कृतीमागे दिसते.

धर्मसंस्थेने त्याला जवळ केले ते उतारवयात. १९५० मध्ये आल्प्समधील आसी येथील चर्चचा अभिषेक झाला. तेथील खिडक्यांत रूओची चित्रे काचेत उतरली. आधुनिक कलावंतांना तेथे आणण्यात फादर कुतुरिए यांचा पुढाकार होता. त्यांनी कम्युनिस्ट लेजे आणि ज्यू शागाल यांनाही बोलावले. कलावंताच्या श्रद्धेपेक्षा त्याची प्रतिभा त्यांना महत्त्वाची वाटत होती. मात्र जेर्मेन रिशिए हिने घडवलेला चेहराहीन, झिजलेला क्रूसावरील येशू १९५१ मध्ये बिशपच्या आदेशाने वेदीवरून हटवण्यात आला. कालांतराने तो परत आणला गेला.

रूओचा स्वीकार आणि रिशिएचा अव्हेर एकाच वास्तूत घडले. रूओ श्रद्धावान होता म्हणून त्याची विद्रूपता क्षम्य ठरली, असे मानले तर त्याच्या रेषेवर अन्याय होतो. दोघांच्याही कलाकृतींत अध्यात्म अवतरते ते यातनेला सुशोभित न करण्याच्या निर्धारातून. कलावंताच्या श्रद्धेची साक्ष काढून त्याचा निर्णय लावता येत नाही; तो रूपातच शोधावा लागतो.