दातातील भरण आणि हिरडीचे आरोग्य : एका वैद्यकीय वादाचा इतिहास

प्रास्ताविक

किडलेला दात कोरून त्यात चांदी किंवा सिमेंट भरून घेणे ही आज सर्वसामान्य गोष्ट झाली आहे. ठणका थांबला की रुग्णाचे समाधान होते. परंतु दात एकटा उभा नसतो. त्याच्या भोवती हिरडी असते व हिरडीखाली जबड्याचे हाड असते. दातात केलेल्या भरणाचा या दोहोंवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न दंतवैद्यकाने फार उशिरा नेमकेपणाने विचारला. शतकाहून अधिक काळ मुख्य वाद भरणाच्या द्रव्याविषयी चालला. हिरडी व हाड यांची हानी मात्र प्रामुख्याने भरणाच्या कडेपाशी घडत होती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाऱ्याचा वाद

१८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी न्यूयॉर्क येथे चांदी व पारा यांच्या मिश्रणाने दात भरण्याचा व्यवसाय सुरू केला. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरण्यास वेळ व पैसा दोन्ही फार लागत. हे मिश्रण मात्र स्वस्त होते आणि झटपट बसत असे. कीड पुरती न काढताच ते दात भरीत, अशी त्यांची अपकीर्ती झाली. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संस्थेने १८४५ मध्ये असे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा सभासदांवर बंधनकारक केली. त्यातून फूट पडली आणि १८५६ मध्ये संस्थाच विसर्जित झाली.

पाऱ्याची बाधा झाल्यास लाळ गळते व हिरड्या सुजतात, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामुळे संशयाची सुई पाऱ्याकडे वळणे स्वाभाविक होते. भरण कसे बसविले आहे, हा प्रश्न या गदारोळात मागे पडला.

कारागिरीचा विचार

या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांचे स्थान अग्रगण्य आहे. मिश्रणातील धातूंच्या प्रमाणावर त्यांनी १८९० च्या दशकात प्रयोग केले. १९०८ मध्ये त्यांचा दंतभरणावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेजारच्या दाताशी भरणाचा स्पर्श योग्य नसेल तर फटीत अन्न अडकते व हिरडीला इजा होते, याकडे त्यांनी आवर्जून लक्ष वेधले.

तथापि लवकरच विचाराला वेगळे वळण लागले. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठातील भाषणात, सदोष दंतकामाखाली साचणारा पू हे अनेक रोगांचे मूळ आहे, असा आरोप केला. अस्वच्छ दंतकामावरील त्यांची टीका रास्त होती. परंतु त्यातून बळावलेल्या मताचा परिणाम म्हणून पुढील दोन-तीन दशकांत असंख्य दात विनाकारण उपटले गेले. कारणाचे निदान चुकले की उपायही चुकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

कडेचा शोध

नॉर्वेचे येन्स वेरहाउग यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की, खडबडीत पृष्ठभाग हिरडीला केवळ घासून इजा करीत नाही, तर त्यावर साचणारा जिवाणूंचा थर दाह निर्माण करतो. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लॉय व सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू होताच तो ओसरला.

दरम्यान १९६१ मध्ये गार्जुलो, वेंट्झ व ऑर्बन यांनी मृतदेहांच्या जबड्यांवर मोजमापे घेतली. हिरडीच्या खाचेचा तळ व हाडाची कड यांमध्ये दाताला चिकटलेल्या ऊतींचा सरासरी सुमारे २ मि.मी. पट्टा असतो, असे त्यांना आढळले. भरणाची कड या पट्ट्यात शिरली तर हिरडीचा दाह टिकून राहू शकतो व हाडही मागे सरू शकते.

१९६९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने भरणाच्या कडेचा सदोषपणा व हाडाची पातळी यांचा संबंध तपासला. निर्णायक पुरावा १९८३ मध्ये निकलाउस लांग व सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी दंतविद्यार्थ्यांच्या त्याच दातांवर आळीपाळीने निर्दोष कडेची व बाहेर डोकावणाऱ्या कडेची सोन्याची भरणे बसविली. द्रव्य एकच होते. बदलली ती केवळ कड. डोकावणाऱ्या कडेखाली हिरडीचा दाह वाढला आणि जिवाणूंची जातकुळीही हाडाच्या ऱ्हासाशी संबंधित मानल्या जाणाऱ्या जिवाणूंकडे झुकली. सोन्यासारखे निरुपद्रवी मानलेले द्रव्यही कड चुकली तर अपायकारक ठरते, हे यावरून स्पष्ट झाले.

समारोप

पाऱ्याचा प्रश्न संपलेला नाही. तो आज पर्यावरणाच्या अंगाने पुढे आला आहे. २०१३ च्या मिनामाता करारात दंतभरणातील पाऱ्याचा वापर कमी करण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, काही अपवाद वगळता, अशा भरणावर बंदी घातली. त्याची जागा दातांच्या रंगाची द्रव्ये घेत आहेत. पण कड डोकावत असेल, तर नव्या द्रव्याखालीही तोच थर साचेल. सुजलेली हिरडी पुष्कळदा पूर्ववत होते; गेलेले हाड सहसा आपोआप परत येत नाही.

एखाद्या वादात सर्वांचे लक्ष डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीवर खिळते आणि खरे कारण एक मिलिमीटरच्या कडेवर दुर्लक्षित राहते. इतिहासाच्या अभ्यासकाने वादातील उत्तरांइतकेच न विचारलेल्या प्रश्नांकडेही पाहावे, हेच या प्रकरणातून शिकावयाचे आहे.