लळ्याचा वारसा

जोतीराव फुले यांच्या आई चिमणाबाई वारल्या, तेव्हा जोतीराव जेमतेम वर्षाचे होते. जन्म १८२७चा, म्हणजे ही गोष्ट १८२८च्या आसपासची. वडील गोविंदराव यांनी दुसरं लग्न केलं नाही. आईवेगळं झालेलं हे लेकरू वाढवलं ते सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या नात्यातल्या, बालविधवा. एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या. चरित्रांत ही हकिगत दोन-चार ओळींत उरकते आणि आपण शाळा, सत्यशोधक समाज अशा मोठ्या गोष्टींकडे वळतो. आज त्या दोन-चार ओळींपाशी थोडं थांबूया.

तान्ह्या बाळाला दूध, कपडा, औषध मिळालं की भागलं, असं भल्याभल्या डॉक्टरांना फार काळ वाटत होतं. १९४०च्या दशकात रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची पाहणी केली. एक होतं अनाथालय. स्वच्छ, टापटीप, पण एकेका दाईच्या वाट्याला सात-आठ मुलं. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया आपली मुलं स्वतः सांभाळत. अनाथालयातली एक तृतीयांशाहून अधिक मुलं दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही मूल गेलं नाही. पुढे १९५१मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि या विषयाचं शास्त्र उभं राहिलं. त्याच्या गाभ्याशी जे आहे, त्याला मराठीत फार जुना शब्द आहे : लळा. रडल्यावर कोणीतरी येतं, आणि तेच माणूस पुन्हा पुन्हा येतं, हा भरवसा ज्याला पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळाला, त्याला पुढे मैत्रीत, संसारात आणि स्वतःच्या मुलांशी वागताना माणसांवर विश्वास टाकणं सोपं जातं.

हे माणूस जन्मदात्री आईच असलं पाहिजे असं मात्र नाही. आपल्या परंपरांना हे ठाऊक होतं. संभाजीराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. त्यांना दूध पाजलं कापूरहोळच्या धाराऊने आणि मायेने वाढवलं आजी जिजाबाईंनी. हजरत मुहंमद पैगंबरांचे वडील जन्माआधीच गेले होते. दाई हलिमा यांनी त्यांना दूध पाजून सांभाळलं. आम्हा मुसलमानांच्या शरीयतीत दूध पाजणारी बाई आईच ठरते. तिची मुलं सख्ख्या भावंडांसारखी, त्यांच्याशी लग्नसंबंध होत नाही. सांभाळण्यानेही नातं जुळतं, ते रक्ताइतकंच खरं असतं, हे धर्मानेच मान्य केलं आहे.

आता पुन्हा पुण्यात येऊ. १८६३ साली जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेपोटी तिने ते मारून विहिरीत टाकलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शास्त्र्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. अडलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती त्यांनी गावात लावल्या. ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला पाठवलेल्या निवेदनात जोतीरावांनी हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाचच मुलं जगली, ३० गेली. पोट लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच इजा झाल्यामुळे ती गेली, असं त्यांनी लिहिलं.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ती ३० मुलं आईच्या निष्ठुरपणाने गेली नाहीत, आईच्या भीतीने गेली. जिला स्वतःला कुठे टेकायला जागा नाही, ती बाळाला टेकू कशी देणार? फुले दांपत्याने हे बरोबर ओळखलं होतं. म्हणून त्यांनी दार उघडलं ते आधी आईसाठी. समाजाला मुलांची किंमत असेल तर त्याने आईबापांना जपलं पाहिजे, असं बोल्बींनी लिहिलं, ते यानंतर ८८ वर्षांनी.

१८७४ साली अशाच एका विधवेला मुलगा झाला. योगायोगाने तिचंही नाव काशीबाई. त्या यशवंताला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. १८९०मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने हडपसरजवळ दवाखाना घातला. तिथे रोग्यांची शुश्रूषा करता करताच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सगुणाबाईंनी मांडीवर घेतलं म्हणून जोतीराव महात्मा झाले, असं गणित मी मांडत नाही. थोरले भाऊ राजाराम याच घरात वाढले, पण त्यांची वाट निराळी होती. पण सगुणाबाई, मग जोतीराव-सावित्रीबाई, मग यशवंत, अशी सांभाळणाऱ्यांची ही रांग आहे, आणि तिच्यातला एकही दुवा जन्मदात्या आईबापांचा नाही.

आज मूल चिडचिडं झालं, एकलकोंडं झालं, की पहिलं बोट आईकडे जातं. ती नोकरी करणारी असेल तर अधिकच. बोल्बींच्या नावाचाही असा वापर पुष्कळ झाला. पण आधी विचारायला हवं ते हे, की या बाईला रात्री दोन तास सलग झोप मिळते का, नवरा मूल घेतो का, आजी, शेजारीण, पाळणाघरातल्या मावशी यांच्यापैकी कोणी भरवशाचं आहे का. एखादी मुलगी लग्नावाचून आई होणार असेल, तर ती निर्धास्तपणे जाऊ शकेल असं एक तरी दार आपल्या माहितीत आहे का? १८६३ साली पुण्यात असं एक दार उघडं होतं.